दादाचा तांब्या-पेला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलीच होते. तशी गेली नऊ वर्षं रागावलेली होते, त्यामुळे त्या सकाळी वेगळं काही घडलं नव्हतं. "हे गेले गं," एवढंच वहिनी म्हणाली. आता दीड महिना होत आला. राग पुरता गेलेला नाही, पण तो काढायचा कुणावर, हे कळत नाही.

माझा हा थोरला भाऊ वारज्यात राहायचा. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. निवृत्त माणसं टेकडी चढतात, कुंड्यांत मिरच्या लावतात. याने लोकांना इंग्रजी क्रियापदं शिकवायला घेतली. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बायका, वॉचमन, इस्त्रीवाला... सगळ्यांना फुकट. इथपर्यंत ठीक होतं. पण त्याची एक पद्धत होती आणि तिने आम्हाला वैताग आणला होता. पुस्तक नाही, वही नाही, काळांची नावंसुद्धा नाहीत. जे करायचं ते हाताने करा आणि करता करता इंग्रजीत सांगा. दिवाणखान्यात एका स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि पेला. पाहुण्याला तहान लागली की त्याने उठायचं, ओततोय म्हणून सांगायचं, ओतून झालं की ओतलं म्हणून सांगायचं, मगच प्यायचं. उन्हातून आलेला माणूसही सुटत नसे. आमचे नातेवाईक शेवटी खालच्या टपरीवर पाणी पिऊनच वर यायला लागले. वहिनी बिचारी स्वयंपाकघराच्या दारातून खुणेने विचारायची, आतून आणू का म्हणून.

या खुळाचं मूळ मला ठाऊक होतं. आमचे वडील मजुरी करायचे, पण पोरांना इंग्रजी आलंच पाहिजे म्हणून त्यांनी बाराही काळांचा तक्ता भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी चिकटवला होता. दादाला तो तोंडपाठ होता. मग पहिल्याच मुलाखतीत साहेबाने इंग्रजीत साधं विचारलं, काल दिवसभर काय केलंत? आणि याची दातखीळ बसली. डोक्यात तक्ता सरसर फिरतोय, तोंडातून वाक्य निघत नाही. "मी आदल्या दिवशी चार मैल चालून पुस्तक आणलं होतं गं," तो मला एकदा म्हणाला होता, "आणि मला तेवढंही सांगता आलं नाही." ती नोकरी गेली. त्या दिवसापासून दादाचा तक्त्यावर दात होता.

आणि मी शाळामास्तरीण. पस्तीस वर्षं फळ्यावर तोच तक्ता काढला. माझ्या निरोपसमारंभात भाऊ म्हणून याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर माइक हातात घेऊन म्हणतो, "आमच्या बाईंना सगळे काळ येतात. बोलता तेवढं येत नाही." सगळा स्टाफ हसला. खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी ठरवून टाकलं, याच्यासमोर इंग्रजीचा एक शब्द काढायचा नाही. तोही हट्टी. दर भेटीत बोट तांब्याकडे. मी म्हणायचे, तहान नाही. घसा कोरडा घेऊन नऊ वर्षं त्या घरातून परत आले. सत्तरीकडे झुकलेली दोन माणसं, आणि भांडण कशावरून, तर पेलाभर पाण्यावरून!

शेवटी भेटले तेव्हा तो अंथरुणावर होता. त्याने पाणी मागितलं. मी तांब्या उचलला, तर जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आधी सांग... काय करतेयस?"

"गुपचूप पी," मी म्हटलं, आणि पेला त्याच्या हातात जवळजवळ कोंबला. तो प्यायला. हसलासुद्धा. चार दिवसांनी गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर माणसांनी भरलं होतं. जिने झाडणारी संगीता सगळ्यांना पाणी देत होती आणि प्रत्येक पेल्याला तिचे ओठ हलत होते. मी तिला आत बोलावून खडसावलं, आज तरी पुरे कर म्हणून.

"सरांनी सांगितलंय, सवय मोडायची न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या पोरीच्या शाळेत बाई इंग्रजीतच बोलत्यात. आता म्या उत्तर देती."

मी दारातून बाजूला झाले.

परवा वहिनीकडे गेले. स्टूल तिथेच होतं, तांब्या भरलेला. ती तो अजून रोज भरून तिथेच ठेवते. ती आत चहा टाकत होती. मला तहान लागली होती, खरीच. तांब्या हातात घेतला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि म्हटलं, "आय ॲम पोअरिंग वॉटर." आवाज चिरका निघाला. मग जरा मोठ्यांदा म्हटलं. मग आणखी एकदा... पेला कधी भरून वाहायला लागला ते कळलं नाही.

वहिनी फडकं घेऊन दारात उभी होती. "हे त्यांना ऐकवायला हवं होतंस," ती म्हणाली.

मी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि स्टूल पुसायला लागले. काय करतेय, ते मात्र मला कुठल्याच भाषेत सांगता येईना.