एकत्र कुटुंब, माझ्या अक्षरात

जबलपूरहून समाजशास्त्रात एम.ए. होऊन मी बालाघाटला परतलो, तेव्हा घरात एकच प्रश्न होता: हा आता करणार काय? वडील कचेरीत हेडक्लार्क. त्यांना वकील कळे, ओव्हरसियर कळे, मास्तर कळे, समाजशास्त्री कळेना. आत्या मात्र खूश. "समाजाचंच शिकून आला न बाप्पा, आता हा आपल्या समाजातल्या पोरींचे संबंध जुळवून देईन," असं ती सांगत सुटली. तीन घरच्या पत्रिका खरंच आल्या.

मग तलावाच्या कामावर सर्वेक्षकाची नोकरी लागली. रामपायलीकडचं एक लहानसं गाव पाण्याखाली जाणार होतं. दर कुटुंबाला नव्या जागी एक प्लॉट मिळायचा होता आणि कुटुंबं मोजायची होती मी. एवढा लांबलचक फॉर्म आणि एवढा मोठा विद्वान!

एका घरी थोरला भाऊ राहत होता आणि वारलेल्या धाकट्याची बायको मागच्या पडवीत. तिनं मला चहा केला. मी पाहिलं: छप्पर एक, देव एक, शेत एक. पुस्तकातली व्याख्याच समोर उभी! हरखून ठळक अक्षरात लिहिलं, 'एकत्र कुटुंब'. थोरल्याला विचारलं, तर तो "हौ, हौ" म्हणाला. तो कशाला नाही म्हणेल? वेगळं म्हटलं, तर भावजयीला वाटा द्यावा लागला असता.

प्लॉटची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. तिच्यात आपलं नाव नाही हे कळताच ती बाई थेट आमच्या दारात आली.

"काहून जी बाबूसाहेब, माही चूल तुमाले दिसली नाही?"

"पण बाई, घर तर एकच आहे ना?"

"चूल निराळी म्हंजे घर निराळं. लहान पोट्ट्याले बी समजते! माह्याच चुलीवरचा चहा पेला न तुमी? आता थोरले भासरे मले नव्या घरात ठेवतीन का?"

आतून आत्या ओरडली, "इतके वर्षं शिकला अन् कोणाच्या घरी किती चुली, हे विचाराचं नाही शिकवलं तुले?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहून चूक कबूल केली. त्यांनी फाइलीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "एक दरवाजा, एक परिवार. अपना समाजशास्त्र घर पे रखिए."

दारंच मोजायची होती, तर चपराशी पुरला असता! एम.ए. पास माणूस काय शोभेला ठेवला होता? सरकारी नोकर राहून सरकारविरुद्धच्या अर्जावर साक्षीदाराची सही करता येत नव्हती, म्हणून आधी राजीनामा लिहिला, मग तिचा अर्ज. पुढे वारासिवनीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागलो. वडिलांना कळेल असा मास्तर झालो एकदाचा.

अर्जाचं उत्तर आलं. ती कागद घेऊन शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. "अर्ज नामंजूर. मूळ सर्वेक्षण पाहावे." आणि खाली टाचणीनं माझाच फॉर्म लावलेला; त्यावरचं 'एकत्र कुटुंब'ही वाचलं.

"कोणं लिव्हलं हे, एकत्र म्हनून? त्या साहेबानं?" तिनं विचारलं.

त्या साहेबाचा मला अजून संताप येतो. पण तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून "मी" म्हणावं लागलं, ते मलाच.