पन्नास जादा मतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आता ऐकायला तीही नाही. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं.

त्या निवडणुकीत मी कुळगावच्या एका शाळेत केंद्राध्यक्ष होतो. एका दिवसाचं राज्य — लाखेची कांडी, दोन पेनं आणि पोतंभर फॉर्म. आमचं केंद्र 'आदर्श' ठरलेलं, म्हणजे दाराशी फुग्यांची कमान आणि सेल्फीसाठी पुठ्ठ्याची चौकट. असल्या थाटाची मी आयुष्यभर टर उडवली. स्टाफरूममध्ये माझी ख्यातीच तशी होती.

मतदानाआधी, पक्षांच्या एजंटांसमोर, पन्नास सरावाची मतं टाकून यंत्र तपासायचं असतं. "मास्तर, सरावातच पाडलंत की आम्हाला!" एक एजंट म्हणाला. सगळे हसले. मग ती मतं पुसायची — क्लिअरचं बटण. प्रशिक्षणात हे पाढ्यासारखं घोकून घेतलेलं. पुसल्याच्या दाखल्यावर मी आदल्या संध्याकाळीच सही करून ठेवली होती. वेळ वाचावा म्हणून!

तेवढ्यात बाहेरून हाक आली. मोठे साहेब आलेत, फोटो काढायचाय. आणि मी गेलो. कमानीखाली उभा राहिलो, केसांवरून हात फिरवला — हो, मीच.

परत आलो तेव्हा सात वाजत आले होते. यंत्रावर भोईर मॅडम होत्या. अंबरनाथला, बुवापाड्यातल्या शाळेत शिकवायच्या. ही त्यांची पहिलीच ड्युटी. हातात सील धरून त्यांनी विचारलं, "सर, क्लिअर केलंत ना?"

"झालंय हो. लावा सील."

हे खोटं होतं का? तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं — इथवर मला माफ करता येईल कदाचित. पण नऊ वाजता यंत्रावरची बेरीज पाहिली. वहीत ब्याऐंशी मतदार, यंत्रात एकशे बत्तीस मतं. तिथेच वर कळवायचं होतं. मी वहीतला आकडा कळवला. मग दर दोन तासांनी बेरीज बघायची वेळ आली की म्हणायचो, "मॅडम, पाणी पिऊन या जरा." त्या जायच्या. मी बटण दाबायचो, एकटाच बघायचो.

यंत्राला मात्र भीड नसते. उल्हासनगरला मोजणीत सील शाबूत निघालं, नंबर जुळले, निकालाचं बटण दाबलं — आणि मी भरून दिलेल्या हिशेबाच्या कागदापेक्षा मतं पन्नासने जास्त. यंत्र बाजूला ठेवलं गेलं. जिंकणाऱ्याची आघाडी मोठी होती, त्यामुळे ते मोजलंच नाही. एक आजी काठी टेकत दोन जिने चढून आल्या होत्या. त्यांचंही मत त्यातच.

नोटीस आली. मी खुलासा लिहिला. भाषा माझी चांगलीच आहे. 'सरावाची मतं पुसल्याचे श्रीमती भोईर यांनी मला सांगितले होते.' कुणावर विश्वास बसणार होता — पांढऱ्या केसांच्या मास्तरावर, की पहिल्या ड्युटीवरच्या बाईवर? ठपका त्यांच्या सेवापुस्तकात गेला.

वर्षभराने त्या कुळगावच्या बाजारात दिसल्या. वाटलं, चारचौघांत सुनावतील. सुनावायलाच हवं होतं. पण जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं ना? मला तसं आठवतंय. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी जुडीकडेच बघत म्हणालो, "नाही हो मॅडम. काही विचारलं नव्हतंत."

त्यांनी मान हलवली. "असेल," म्हणाल्या. "तरी दिवसभर पाण्याचं तुम्हीच विचारत होतात, सर. कोण विचारतं एवढं?"

आता भाजी मी वांगणीहून आणतो. एकट्याला लागते तरी किती.

त्यांनी विचारलं होतं. माझ्याकडे बघून, स्पष्ट विचारलं होतं.