हिराजीकाका आणि माझा मित्र

हिराजीकाका गेल्याचं मला त्यांच्या बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. मी ॲसिडिटीची गोळी घ्यायला गेलो होतो... गोळी न घेताच परतलो.

पनवेलच्या बाजारातल्या त्यांच्या मेडिकलमध्ये लोक अवघड जागेच्या दुखण्यासाठी लांबून येत आणि सगळेच मित्रासाठी औषध मागत. काका कुणाच्याच मित्राला खोटं पाडत नसत. चेहऱ्यावरची रेषही न हलू देता विचारत, मित्राला जळजळ किती दिवस हाय?

सहा वर्षांपूर्वी मीही गेलो. मित्राला मूळव्याध झालीय, रक्त पडतंय, मलम द्या. काकांनी मला आतल्या बाकावर बसवलं आणि मित्राची उलटतपासणी घेतली. रक्त कधीपासून? कालपासून. मित्र कुणा पुरुषाबरोबर होता का? मित्राच्या वतीने मी मान हलवली. निरोध? होता, पण फाटला. मग कबूल करावंच लागलं, की आईने गावाकडून, आपट्याहून, डोक्याला लावायला पाठवलेलं घाण्याचं खोबरेल तेल...

काकांनी कपाळाला हात लावला. "खरचटलं, खोबरेल. भाजलं, खोबरेल. आनि आता हितं पन खोबरेल! तेलानं रबर फाटतंय, पोरा."

मग तापाच्या गोळ्यांचा डोस सांगावा तशा सुरात त्यांनी सगळं सांगितलं. तिथलं आतलं अस्तर नाजूक, त्याला स्वतःचा ओलावा नसतो, लगेच चिरा पडतात आणि त्यातून एचआयव्हीसकट कितीतरी लागणी शिरतात. बाई असो वा पुरुष, हे सगळ्यांनाच लागू. निरोधाबरोबर तेल नसलेलं, पाण्याचं जेल वापरायचं. बधिर करणारं मलम मुळीच नाही, कारण दुखणं हाच इशारा. आणि रक्त दिसलं की आपल्याच मनाने मूळव्याध ठरवायची नाही. मध्येच एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आल्या. काकांनी त्यांना बाटली दिली आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं.

मी आणि तो, आम्ही दोघांनीही कधीच एचआयव्हीची तपासणी केली नव्हती. नोकरी, गाव, आई... मी मेलोच, असं वाटलं.

"तीन दिवसांच्या आत गोळ्या चालू केल्या तर लागन टळू शकते," काका म्हणाले. "जितकं लवकर तितकं बरं. आताच जाऊ. मित्र एकटा घाबरंल."

भरबाजाराच्या वेळेला शटर ओढून ते माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंट कोण? काका छताकडे बघत बसले.

"मी," मी म्हणालो.

महिनाभर गोळ्या घेतल्या, चीर भरून आली, पुढच्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या. तेव्हा माझ्याबरोबर होता त्या राकेशनेही तपासून घेतलं. तो आता माझ्याबरोबर इथे जवळच, विचुंब्याला राहतो. काकांनी त्याचं नाव कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता सांगायचं म्हटलं तरी काका नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात दुकान उघडलं. गल्ल्यावर काकू बसल्या होत्या. गोळी देताना त्यांनी मला निरखून पाहिलं.

"विचुंब्याचे तुमीच नं? यांना तुमा दोघांना जिताडा माशाच्या कालवनाला बोलवायचं व्हतं. ऱ्हाऊनच गेलं. या एकदा दोघं. तुमच्या मान्साला तिखट चालतंय नं?"

राकेशला तिखट अजिबात सोसत नाही. नाकाडोळ्यांतून पाणी येतं.

चालतं, म्हणालो.