आप्पांचं अश्गाबात आणि कालची कनात

काल माझ्या आजोबांच्या गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटल्याचं, जेवण मी जेवले नाही.
शिसारी आली.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला आप्पांचा फेटेवाला फोटो आहे, म्हणून मीही लिहिते. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आप्पा नंदुरबारजवळच्या कोरीट गावचे. नव्वदी ओलांडून गेले.
पोरवयात नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात ट्रक चालवायला शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या सैन्यात ड्रायव्हर झाले. इराणातून रशियाला माल पोचवायच्या गाड्या असत, त्यातली एक यांची.

एकदा माल उतरवल्यावर रशियन साहेबाने चार-पाच ड्रायव्हरांना पाहुणे म्हणून अश्गाबात दाखवायला नेलं.
आज ती तुर्कमेनिस्तानची राजधानी आहे. लोक तिथे टूरला जातात, पांढऱ्याशुभ्र इमारतींचे रील टाकतात.
आमच्या खानदानातले पहिले फॉरेन टूरिस्ट म्हणजे आप्पा. एक दिवसाचे.

गावात त्यांना 'रशियन' म्हणायचे. पारावर कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "आप्पा, कसं व्हतं रशिया?"
लोकांना परीकथा हवी असायची.
आप्पा तोंड वाकडं करायचे. "बेकार गाव. चहामा दूध नही, साखर नही. निस्तं गवतनं पानी."

बगीचा दाखवला, थिएटर दाखवलं, बाजार दाखवला. बाजारात माल कमी आणि माश्या जास्त, हे आप्पांचं प्रवासवर्णन. टरबूज मात्र एक नंबर. आपल्या तापीकाठच्या टरबुजालाही मागे टाकेल असं, हे ते जरा नाइलाजानेच कबूल करायचे.

पारावरची गोष्ट इथेच संपायची.
पुढचं फक्त घरात सांगायचे.

"मंग आमले जेवाले बसाडं. टेबल भरीसन. मेंढानं मटन, भाकरी, टरबुजे. आनि खिडकीना भाहेर बाया लाईनमा उभ्या. भाकरसाठे. एक म्हतारी काचमातून मन्हा ताटकडे देखी ऱ्हायंती."

"मग?"

"मी भाकर उचलीसन उठनू. साहेबनी मन्हा हात धरा. म्हने, पाहुनास्नी आथातथा देखानं नही. आनि पडदा ओढी लिन्हा."

"मग आप्पा?"

"मंग काय. पडदा लागना आनि मी जेवनू. पोट भरी जेवनू, पोरी. आज बी सोतानी किळस येस."

म्हणून आमच्या घरात एक नियम होता. लग्न असो, जाऊळ असो, पहिली पंगत दाराबाहेर उभ्या राहणाऱ्यांची. पाहुणे नंतर.
आप्पा स्वतः बाहेर जाऊन हाक मारायचे, स्वतः वाढायचे. सोयरे नाकं मुरडायचे. आप्पा त्यांना हिंग लावून विचारायचे नाहीत.
"मन्हा जेवनले बी असंच करज्यात," हे त्यांनी माझ्या काकांना माझ्यासमोर सांगितलं होतं. काकांनी मान हलवली होती.

आणि काल?

मांडव एवढा की लग्न लाजेल. फ्लेक्स. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर जिलेबीचा स्टॉल. गंधमुक्तीला जिलेबीचा स्टॉल!
पुढाऱ्यांसाठी वेगळ्या खुर्च्या. एक पाहुणा बोटं चाटत म्हणाला, बट्टीला तूप जरा हात राखूनच आहे.

अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून कापूस वेचायला दरसाल बाया येतात. यंदा परवाच उतरल्या. मांडव पाहून नेहमीसारख्या रस्त्यापलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

काकांनी मांडववाल्याला हाक मारली. "ए, ती कनात लाव रे. मोठा लोके जेवी ऱ्हायनात."

मी म्हटलं, "काका, पहिली पंगत त्यास्नी. आप्पानी सांगेल शे."

"आप्पा गयात आते. लोके काय म्हनतीन?"

कनात लागली.
बारा दिवस हे लोक सुतक पाळत होते म्हणे.

मी ताटं भरली, कनात बाजूला सारली आणि बाहेर गेले. कुणी मागे आलं नाही. उलट मागून ऐकलं, "शहरमा शिकेल शे, ऱ्हाऊ द्या."

सगळ्यात पुढच्या बाईच्या हातात ताट दिलं. तिने ताटाकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे पाहत होती.

"डोकरा बाबा कोठे शे? तो बलावस, मंग आम्ही येतस."

"बाबा गयात, माय. आज त्यास्नंच जेवन शे."

"आमले कोनी सांगंच नही," ती म्हणाली.

तिने ताट खाली ठेवलं. पदर तोंडावर घेतला आणि धुळीत बसली. मग बाकीच्याही बसल्या.
आणि त्यांच्या बोलीत मोठ्याने, गळा काढून रडायला लागल्या.

आत माईकवर कुणीतरी आप्पांच्या 'सामाजिक कार्याबद्दल' बोलत होतं. ते मध्येच थांबलं.
काका कनातीतून डोकं काढून म्हणाले, "हाऊ काय आवाज शे?"

त्यांना तो आवाज ओळखता आला नाही. आप्पा गेल्यापासून आमच्या घरात तो झालाच नव्हता.

बाया जेवल्या नाहीत. उठून गेल्या.

आप्पा, तुमच्यासाठी रडायचं होतं ते रस्त्यावर रडून झालंय. आता निघा, सुखाने जा.