आप्पांनी वाटलेल्या गोळ्या

माझे वडील पलटणीतून रिटायर होऊन गावी आले, तेव्हापासून घरात आलेली वस्तू शेजारच्या चुलत्यांच्या घरी गेल्याशिवाय राहिली नाही. म्हैस व्याली की खरवस तिकडं, शेंगा उपटल्या की पाटीभर तिकडं. खरवस वाटा की, कोण नको म्हणतंय? पण हृदयाच्या गोळ्या? अजून आठवलं की माझं डोकं फिरतं!

आप्पांचं हृदय कमजोर झालेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या आणि बजावलं, चारही मिळून काम करतात, मनानं एकही सोडायची नाही. मी कुपवाडला नांदते. रोज फोनवर विचारायची, "आप्पा, गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या की!"

घेत होते ना, दोन! कराडच्या मेडिकलवाल्यानं सहज सांगितलेलं, ही शुगरची, ही बीपीची. आप्पांना ना शुगर, ना बीपी. झालं! शुगरची गेली शेजारच्या शुगरवाल्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, आणि बीपीची आईला. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. साहेबच ते!

मग पाय सुजले. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायला लागले. आईला सांगायचे, उकडतंय. शेवटी दोन पावलं चालवेना, तेव्हा मी गाडी करून त्यांना सांगलीला आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बघायला मागितल्या, तर पिशवीत दोनच पाकिटं. तिथं सगळं बाहेर आलं.

"नाव शुगरचं असलं तरी ती यांच्या हृदयासाठीच होती, आणि बीपीचीसुद्धा," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा असं केलं तर हाताला लागायचे नाहीत."

आप्पांना लगेच वॉर्डात दाखल करून ऑक्सिजन लावला. तेवढ्यात काका मोसंबी घेऊन आले. हसत म्हणाले, "दादाच्या गोळीनं लय गुण आला बघ मला."

"ती तुमची नव्हती, काका! तुमाला गुण आला आणि हितं माझ्या बापाचा जीव चाललाय!"

काकांचा चेहराच उतरला. "मला काय म्हाईत गं? त्यानंच दिली."

त्यांची चूक नव्हती, कळत होतं. पण राग कुठं ठेवू?

आप्पांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "त्येला कशाला बोलतीस? त्याची शुगर वाढंल. निम्म्या दे त्याला."

"निम्म्या?" अख्खा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. "आवं, तुमी मेलात तर काय वाटणार हाय?"

काकांनी पुढं होऊन मास्क आप्पांच्या तोंडावर नीट बसवला. "गप ऱ्हा, दादा. मी माझ्या डॉक्टराकडं जातो. तुझ्यातली एक बी गोळी मला नगं."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. श्वास पुरत नव्हता तेव्हा आलं नव्हतं, मी ओरडले तेव्हाही नाही. धाकट्यानं दिलेलं नको म्हटलं, म्हणून आलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि त्या दिवशी भावाशी एक शब्द बोलले नाहीत.