छत्रीचा फटका

बसथांब्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मिटलेली छत्री उलटी धरली, पाय जरा फाकवले, मान खाली घातली आणि हवेत एक झोकदार फटका मारला. मग हात तसेच खांद्यावर ठेवून ते दूर बघत राहिले. रांगेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला मात्र लगेच कळलं, कारण साठीला टेकल्यावर मीही गोल्फ शिकायला लागले आहे. हातात लाटणं आलं तरी माझी मनगटं आपोआप वळतात. मैदानावर मात्र चेंडू जागचा हलत नाही, गवतासकट मातीचं ढेकूळ तेवढं उडतं. त्या सकाळीही तेच झालं होतं आणि ‘आता पुरे, हे आपलं काम नव्हे’ असं ठरवूनच मी घरी निघाले होते.

तरी राहवेना. मी विचारलं, "कुठे गेला?"

"झाडीत," ते शांतपणे म्हणाले. "नेहमीसारखा."

मला हसूच फुटलं. इथे चेंडू नव्हता, मैदान नव्हतं, खोटं पकडणारं कोणी नव्हतं. निदान मनातल्या मनात तरी माणसानं चेंडू सरळ नेऊन ठेवावा! पण नाही. आपल्याला किती येतं ते पक्कं ठाऊक, आणि हौस मात्र तसूभरही कमी नाही.

लांबून बस येताना दिसली.

"वेळ आहे अजून," मी म्हटलं. "आणखी एक मारा."

त्यांनी छत्री माझ्यापुढे धरली. "आता तुमची पाळी."

मी पिशवी खाली ठेवली.