धाकट्याचा हात

...हां, तर काल टाकी परत आली तिथे थांबलो होतो. दूधवाल्याने ती टेम्पोतून उतरवली, पाणी भरलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शिवणीतून थेंब थेंब गळायला लागलं. "ही टाकी आहे का चाळण?" म्हणाला. मला हसू आलं, पण माझ्या थोरल्या भाच्याचं तोंड पाहिलं आणि गिळून टाकलं.

वेल्डिंगची ती शेड माझ्या दोघा भाच्यांची. मशीन एकच. थोरला त्याच्यावर स्टिक चालवायचा, म्हणजे चिमट्यात रॉड धरून लोखंडी सांगाडे जोडायचा. धाकटा टॉर्च लावून, गॅस सोडून स्टीलच्या टाक्या टिग करायचा. त्याची शिवण म्हणजे माशाच्या पाठीवरचे खवले! गिऱ्हाइकं उगाच बोट फिरवून बघायची. थोरला तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, "बरंय," एवढंच. पण कोणी पाहुणा आला की त्याला दंडाला धरून आधी धाकट्याच्या टेबलापाशी नेणार. माझी वरात तर दर खेपेला निघायची.

आणि आता त्याच शिवणीला भोकं. टाचणीच्या टोकाएवढी, काळी.

थोरला मशीनच्या मागे लागला. अर्थिंगचा चिमटा काढून घासून लख्ख केला. टिगला टॉर्च उणे बाजूला लागते, स्टिकचा रॉड ते बहुधा अधिक बाजूला लावत. ही अदलाबदल विसरली की घोटाळा, म्हणून ती जोडणी पाहिली. गॅसच्या नळीला साबणाचा फेस फासला, एक बुडबुडा येईना. सिलिंडर बदलला. टॉर्चच्या तोंडातली टंगस्टनची काडी पेन्सिलीसारखी टोकदार केली. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही!

"अरे, आता त्याला मांडीवर घेऊन थोपटायचं तेवढं राहिलं," मी म्हटलं.

"मामा, चेष्टा नको. धाकट्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मग टॉर्च आपल्या टेबलाकडे ओढून त्याने स्टीलचे दोन तुकडे स्वतः जोडून पाहिले. शिवण गेली वाकडीतिकडी, पण भोक एकही नाही. स्टिकचं कामही ठणठणीत. आणि इथेच गडी चुकला. मशीन चांगलं, गॅस चांगला, काडी चांगली, मग उरलं काय? दूधवाला अजून उभाच होता. त्याच्यादेखत थोरला बोलून गेला, "मशीनमध्ये काही नाही. तुझा हात गेलाय."

धाकट्याने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले आणि निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं हो. पण लहानपणापासून दादाचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. त्याने ते खरंच धरलं.

टाकी आता थोरल्यालाच दुरुस्त करायची होती, आणि तीही धाकट्याच्या टेबलावर, कारण गोल टाकी फिरवायचे रोलर तिथेच. बसला. टाका मारला, भोकं! घासून पुन्हा मारला, पुन्हा भोकं! घाम पुसायला मास्क वर केला तर मानेवर गार झुळूक. वर पाहिलं. पंखा.

पत्र्याखाली धाकटा उकडून निघतो म्हणून थोरल्यानेच हौसेने नवा बसवलेला पंखा. टिगचा गॅस म्हणजे वितळलेल्या धातूवर धरलेली छत्री. वाऱ्याने ती ढळली की हवा आत शिरते आणि भोकं पडतात. स्टिकच्या रॉडला स्वतःचं कवच असतं, त्याला एवढ्याशा झुळुकीचं काही वाटत नाही. आणि थोरल्याच्या टेबलापर्यंत तो वारा पोचतच नव्हता. पंखा बंद केला, टाका मारला. एक भोक नाही. थोरला स्टुलावर बसला तो बसलाच. मी दंडाला धरून उठवायला गेलो तर उठेना.

धाकटा तोवर एका दुकानात खिळे तोलायला लागला होता. किती मनधरण्या केल्या तेव्हा आला. पंखा बंद, शेड शांत. त्याने टॉर्च उचलली आणि बाबांनो, तो हात थरथरत होता! धातूला टेकूसुद्धा नये ती टंगस्टनची काडी वितळलेल्या धातूत बुडली. थोरल्याने घासून दिली, परत बुडली. माझ्या बायकोच्या सुईत एका दमात दोरा ओवणारा हा हात! धाकटा हसला, मला ते हसू अजून बघवत नाही. "बघितलंस दादा?" म्हणाला, आणि मास्क खुंटीला अडकवून खिळे तोलायला गेला.

हल्ली टाकीचं काम आलं की थोरला परत पाठवतो. परवा गेलो तर धाकट्याचं टेबल पुसत बसला होता. मला राहवेना. म्हटलं, "अरे, पण ते पंख्याचं त्याला नीट समजावून सांगितलंस का?"

फडकं हातातच धरून म्हणाला, "रोज सांगतो, मामा. तो म्हणतो, दादा, माझं मन राखायला पंख्यावर खापर फोडू नकोस, तू पहिल्यांदा बोललास तेच खरं होतं."